काडतुसं घरीच का भरत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. विचारणारे तसे पुष्कळ आहेत. पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, निवडणुकीच्या वेळी बंदूक जमा करायला ठाण्यात गेलो की तिथंही कोणीतरी भेटतोच. "काका, काडतूस नाही भेटत म्हणता, तं घरीच काहून नाही भरत?" मोबाइलवर अमेरिकेतला एखादा म्हातारा आपल्या गॅरेजात बसून खटाखट काडतुसं भरताना दिसायला लागल्यापासून हा प्रश्न जरा जास्तच येतो.

आधी बंदूक कोणती ते सांगतो. आजोबांची, एकनळी, चारशे दहा बोरची. वारसानं परवाना बाबांकडे आला, मग माझ्याकडे. बोरचा हिशेब असा, की एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या आणि त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसली, ती बारा बोर. वीस केल्या तर वीस बोर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. चारशे दहा या हिशेबातच नाही. तिचा आकडा म्हणजे सरळ नळीचा व्यास, इंचाचे ४१० हजारांश. साडेदहा मिलिमीटरही भरत नाही. बारा बोरची नळी साडेअठराची. दोन्ही काडतुसं शेजारी ठेवली की आमचं काडतूस पेनाच्या टोपणाएवढं दिसतं. गावात तिला पोराची बंदूक म्हणतात, आणि मला त्याचा राग येत नाही.

बारा बोरचं काडतूस मिळतं. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासूनचा सरकारी कारखाना आहे, तिथलं येतं. लहान बोरचं नाव काढलं की दुकानदार मान हलवतो. आमच्याकडे आजोबांच्या वेळची थोडी उरली आहेत, कागदी नळकांड्याची. पावसाळ्याची दमट हवा खाऊन कागद फुगलाय, पितळी बुडावर हिरवा गंज चढलाय. त्यातलं एक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, अर्धं जाऊन अडतं. दाबून बसवायचं धाडस मी करत नाही.

गंमत बघा, आमचा विदर्भ म्हणजे दारूगोळ्याचं कोठारच. भंडाऱ्याला जवाहरनगरची आयुध निर्माणी, भद्रावतीला चांद्याची, पुलगावला लष्कराचं दारूगोळा भांडार. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालयही नागपुरातच. आणि मला अर्धा औंस छर्ऱ्याचं एक काडतूस मिळत नाही.

तर मग घरी का नाही? पहिलं उत्तर कायद्याचं. शस्त्र अधिनियम १९५९. माझ्याजवळचा परवाना बंदूक आणि काडतुसं बाळगण्याचा आहे. काडतूस बनवायला कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो, आणि तो माझ्यासारख्या शेतकऱ्यासाठी केलेलाच नाही. काडतुसाचे सुटे भाग, इतकंच काय ते बनवायचं यंत्रसुद्धा कायद्यानं दारूगोळ्याच्या व्याख्येत घातलंय. अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, म्हणून तो म्हातारा निवांत. आपल्याकडे विनापरवाना बनवल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. देशी कट्ट्यांचा कारखाना चालवणारा आणि पिकात शिरणाऱ्या रानडुकरांपायी चार काडतुसं भरणारा, दोघांना एकच कलम. हे मला पटत नाही, पण न पटण्यानं कलम बदलत नसतं.

आता खरी गोम. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. आमच्या पलीकडच्या वावरात एका बुवांकडे तशी भरमार आहे. परवान्यावर त्यांना दारू मिळते, ती पेटवणाऱ्या टोप्या मिळतात. ते धुऱ्यावर उभे राहून तोंडाकडून दारू ओततात, बोळा ठासतात, छर्रे सोडतात, पुन्हा बोळा, गजानं दोन ठोके, मग टोपी. प्रत्येक बार हातानं भरलेला, आणि सगळं कायदेशीर. तीच दारू आणि तेच छर्रे मी पितळी नळकांड्यात भरले की तो झाला कारखाना!

हे ऐकून लोक हसतात. पूर्वी मीही हसायचो. पण यात थोडं शहाणपण आहे असं आता वाटतं. ठासलेला बार त्या नळीतून कुठं जात नाही. भरलेलं काडतूस खिशात मावतं, विकता येतं, दुसऱ्याच्या बंदुकीत जातं. परवान्यावर दुकानदार विकलेल्या काडतुसांचा जो आकडा चढवतो, त्याला मग काही अर्थ उरत नाही. कायदा करणाऱ्यांनी एवढा विचार केला होता की नाही, देव जाणे.

पण उद्या सरकारनं मोकळीक दिली तरी मी भरणार नाही. दुसरं उत्तर हे, आणि माझ्या लेखी मोठंही हेच. लोकांना वाटतं लहान बोर म्हणजे लहान धोका. आहे उलटं. अमेरिकी मानकांत बारा बोरच्या नेहमीच्या काडतुसाला बार उडताना आत होणाऱ्या दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला ११,५०० पौंड आहे. चारशे दहाच्या अडीच इंची काडतुसाला ती १२,५०० आहे. छर्रे अर्ध्याहून कमी आणि दाब जास्त. आत जागाच एवढी कमी, की बारा बोरमध्ये खपून जाईल अशी चिमूटभर चूक इथं खपत नाही. तो अमेरिकन म्हातारा गॅरेजात बसलेला दिसतो, पण त्याच्यापुढं दारूच्या कंपनीनं प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेले तक्ते असतात, आणि तक्त्यात लिहिलेलीच दारू, तीच टोपी, दारू आणि छर्ऱ्यांमधला तोच डाट तो वापरतो. एक बदललं तर सगळा हिशेब बदलतो हे त्याला माहीत असतं.

आपल्याकडे सल्ला देणारा काय म्हणतो? "सुतळी बॉम्ब फोडा अन् आतली दारू घ्या." अरे बापा, ती बंदुकीची दारूच नव्हे. बंदुकीची दारू जळत जाते आणि छर्ऱ्यांना पुढं ढकलते. फटाक्यातली एका क्षणात फुटते, आणि तिला नळी आणि सुतळी सारखीच. नागपुरात एका बंदूक दुरुस्त करणाऱ्याच्या भिंतीवर अशी नळी टांगलेली पाहिली आहे. चेंबरच्या पुढं दोन बोटांवर फाटून कडा बाहेर वळलेल्या, आतून निळसर काळी. पुढचं लाकूड नव्हतंच. बार काढताना डावा हात नेमका त्या लाकडावर असतो. त्या माणसाच्या हाताचं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

आणि एवढं करून मारायचं काय? आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला. वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आतल्या परवानाधारकाला वनखात्याकडे आपल्या नावाची नोंद करावी लागते. परवानगीशिवाय डुकरावर किंवा रोह्यावर, म्हणजे नीलगायीवर, बार टाकला तर गुन्हा वेगळा. परवानगी मिळालीच, तरी अर्ध्या औंसाच्या बारीक छर्ऱ्यांनी रानडुक्कर मरत नाही, जखमी होतं. जखमी डुक्कर तुरीत शिरलं की सकाळी तिथं शेंगा तोडायला कोणाला पाठवायचं, हे सल्लागार सांगत नाही.

म्हणजे जागलीला या बंदुकीचा उपयोग आवाजापुरता, आणि डुकरं आवाजाला आठवडाभरात सरावतात. मी कुंपणाच्या तारेला सौर झटका मशीन बसवलं. त्याचा झटका क्षणभराचा असतो. जनावर चमकतं, मागं फिरतं. काही जण कुंपणात थेट घरातली वीज सोडतात, त्यात वाघ मेलेत आणि माणसंही मेली आहेत. तो मार्ग कोणी सुचवला तर त्याला बांधावर उभाही करू नका. झटक्याखाली गवत वाढू द्यायचं नाही, तारेला लागलं की करंट जमिनीत उतरतो. सोयाबीनच्या दिवसांत मी संध्याकाळी विळा घेऊन तेवढीच एक फेरी मारतो.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: मग विकून का नाही टाकत? विकायची तर परवाना असलेल्यालाच किंवा दुकानदाराला, आणि काडतूस न मिळणारी बंदूक घेणार कोण? दुकानदारानं नंबर लिहून घेतलाय, चारशे दहाची पेटी आली तर फोन करतो म्हणाला. तोवर तेलाचा बोळा फिरवून ती कपाटात कुलूपबंद असते.