काटे नसलेली मिळतील का?

मेलबर्नच्या उत्तर भागात देशी झाडांच्या एका नर्सरीत मी काम करते. देशी म्हणजे इथली. वॉटल म्हणजे बाभळीची इथली भावंडं. वॉटल म्हटलं की गिऱ्हाइकाला गोल्डन वॉटल हवा असतो, राष्ट्रीय फूल ना ते! हेज वॉटलकडे कुणी ढुंकून बघत नाही. दोन-तीन मीटरचं आडदांड झुडूप, लाटेसारख्या कडांची बारकी पानं, आणि बाभळीसारखेच पानाच्या बुडाशी काटे.

माझा मात्र जीव त्याच्यावर. डिसेंबरच्या उन्हात शेंगा तपकिरी होतात तेव्हा वेळ साधावी लागते, नाहीतर तडकून बी मातीत. चामड्याचे हातमोजे घालूनही मनगटं ओरबाडतात. बियांचं कवच इतकं टणक की साधं पाणी आत शिरत नाही. रानात ते काम वणवा करतो. आम्ही नुकतं उकळी आलेलं पाणी ओततो आणि रात्रभर ठेवतो. सकाळी टम्म फुगलेल्या पेरायच्या, तशाच राहिलेल्यांना पुन्हा गरम पाणी. रोपाची पहिली पानं चिंचेसारखी, बारीक दलांची. मग देठच चपटा होत जातो, दलं गळतात आणि देठच पान होऊन बसतो. नवीन पोरांना मी हे मुद्दाम दाखवते. मूळ वळायच्या आत रोप खोल ट्यूबमध्ये, म्हणजे उभट अरुंद कुंडीत, गेलं पाहिजे. गुंडाळलेल्या मुळाचं झाड पुढे वाऱ्यात कलंडतं. खत बेताचं आणि फॉस्फरस कमी असलेलं. टोमॅटोचं खत घालणाऱ्यांना माझा दंडवत.

तर यंदा जुलैअखेरच्या वृक्षदिनासाठी एका नगरपालिकेनं ओढ्याकाठी लावायला रोपं मागवली. यादीत हेज वॉटल होता, त्यांच्याच पर्यावरण विभागानं घातलेला. आम्ही ट्रक घेऊन पोचलो तर शाळेची मुलं रांगेत उभी. सुरक्षा अधिकाऱ्यानं एका रोपाला बोट लावलं, झटक्यात मागे घेतलं आणि मला विचारलं, "काटे नसलेली मिळतील का?"

मी हसले. तो हसला नाही.

मी सांगितलं, काटे आहेत म्हणूनच तर हे झाड. फेअरी-रेनसारखे चिमुकले पक्षी यात घरटं करतात. मांजर आणि कोल्हा सहजी आत घुसत नाही. त्यानं मुलांच्या हातांकडे बोट दाखवलं. पातळ कापडी मोजे होते. त्यावर मी काय बोलणार? पण यादीवर सही करणारं आणि ऐनवेळी नाही म्हणणारं ऑफिस एकच, हेही खरं.

मुलांना लोमांड्रा आणि पोआ गवत दिलं. एक मुलगी मात्र वॉटलच्या ट्रेपाशी घुटमळत होती. मी तिला दाखवलं: खोड दोन बोटांत, तळवा मातीवर, ट्यूब उलटी, कडेवर एक टिचकी. रोप वीतभर, काटे अजून कोवळे. तिनं अलगद बाहेर काढलं, एकही काटा न टोचता. तेवढ्यात तो अधिकारी आला आणि म्हणाला, "ते ठेव." तिनं निमूट ठेवलं. त्याला न विचारता तिला दाखवायला नको होतं, असं आमचा सुपरवायझर म्हणतो. मला अजून तसं वाटत नाही. आणि तो अधिकारी चुकला असंही छातीठोक म्हणता येत नाही.

उरलेली रोपं दुसऱ्या दिवशी आम्हीच लावली, पायवाटेपासून लांब, झुपक्यांनी.

आता त्या अधिकाऱ्याची मेल आलीय: पुढच्या वर्षीच्या यादीतून हेज वॉटल काढावा का? उत्तर मला लिहायचंय. लिहिलंय असं: ठेवा. लावणी मोठ्यांनी करावी, वाटेपासून तीन मीटर आत. छाटणी फुलोरा संपल्यावर, फक्त शेंडे. जुन्या लाकडात कापलं तर बहुधा फुटत नाही. आणि गवत कापणाऱ्या ठेकेदाराला हे आधी सांगा, कारण काट्यांपेक्षा धोका त्याच्या मशीनचा आहे.

सुपरवायझर म्हणाला, शेवटचं वाक्य काढ. मी ठेवलंय.