हिदेको ताकामिने, पाचव्या वर्षापासून पगारावर

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, पगारपत्रकं, पीएफ सगळं माझ्याकडंच, त्यामुळं कुणाचंही चरित्र वाचताना माझं डोकं आधी तिकडंच जातं की पैसे कुठून आले आणि कुणाच्या हातात गेले. हिदेको ताकामिने या जपानी सिनेमातल्या नटीबद्दल लोक लिहितात ते काय डोळे, काय अभिनय, जपानची शर्ली टेंपल (म्हणजे हॉलिवूडची ती गाजलेली बालतारका) वगैरे. खरंच आहे ते. पण मला या बाईचं सगळ्यात जास्त अप्रूप कशाचं वाटलं तर पाच वर्षांची असल्यापासून अख्खं घर तिच्या कमाईवर चाललं आणि पुढं तिनं तो सगळा कारभार स्वतःच्या हातात ओढून घेतला, तोही कुठं आदळआपट न करता.

जन्म १९२४ चा, जपानच्या उत्तरेला हाकोदाते म्हणून बंदर आहे तिथला. आई क्षयानं गेली तेव्हा ही चार वर्षांची. मग आत्यानं दत्तक घेतलं आणि टोकियोला नेलं. ही आत्या एकेकाळी मूकपटांच्या खेळाला पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायची, जपानमध्ये त्यांना बेन्शी म्हणायचे, आणि तेव्हा तिनं स्टेजसाठी जे नाव घेतलं होतं तेच हिदेको ताकामिने. म्हणजे पोरीला नावसुद्धा आत्याचं वापरलेलं मिळालं बघा. १९२९ मध्ये शोचिकु कंपनीच्या स्टुडिओत एका सिनेमासाठी लहान मुली निवडायचं चाललं होतं, दत्तक बापानं हिला नेऊन रांगेत उभं केलं आणि हीच निवडली गेली. पिक्चर चालला आणि मग काय, कधी मुलगी कधी मुलगा, जो रोल येईल तो, केस कापून चड्डी शर्ट घालून पोरगा म्हणून उभी करायचे, एक संपला की दुसरा. झोप आणि शाळा दोन्ही स्टुडिओच्या टायमावर.

१९३४ ला हाकोदातेला भयंकर आग लागली, गावच्या गाव जळालं, त्यात आजोबांचं होतं नव्हतं गेलं आणि ते सगळं कुटुंब टोकियोला आलं. कुणाच्या भरवशावर? दहा वर्षांच्या पोरीच्या. हे वाचलं तेव्हा मी मोबाईल खाली ठेवला आणि नुसती बसून राहिले. आपल्याकडं नटी नंदाचं असंच झालं की, वडील मास्टर विनायक १९४७ ला गेले आणि बेबी नंदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, कारण घर चालायला पाहिजे होतं. आपण ‘गोड दिसते’ म्हणतो आणि पुढं जातो.

शाळेचं तर असं की पुढं दुसऱ्या कंपनीत, जिचं नंतर तोहो झालं तिथं, गेली तेव्हा हायस्कूलला नाव घातलं होतं खरं, पण शूटिंगमुळं हजेरीच लागेना, शेवटी शाळा नाहीतर सिनेमा एक काय ते ठरवा म्हणायची वेळ आली आणि शाळा सुटली. घर सिनेमावर चाललेलं, दुसरं काय ठरणार होतं. आणि साधारण त्याच काळात, १९३८ मध्ये, हिचा गाजलेला रोल कुठला, तर एका गरीब पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाची पोरगी जी शाळेत फार सुंदर निबंध लिहिते!

१९४१ ला दोन पिक्चर आले. एकात ती खेड्यातल्या बसची कंडक्टर, पिक्चरच्या नावातच ‘हिदेको’, एवढी ती तेव्हा चालायची (बार्शी एसटीत तिकीट फाडणाऱ्या आपल्या मॅडम डोळ्यासमोर आणा, फक्त जरा कमी ओरडणाऱ्या). हा दिग्दर्शक मिकिओ नारुसेचा, ते नाव पुढं येणार आहे. दुसरा ‘उमा’, म्हणजे जपानीत घोडा, शेतकऱ्याची मुलगी शिंगरू जीव लावून वाढवते आणि ते शेवटी लष्कराला विकलं जातं. त्याचा असिस्टंट डायरेक्टर होता अकिरा कुरोसावा, होय तोच, पुढं जगभर गाजलेला दिग्दर्शक. दोघांचं एकमेकांवर मन बसलं होतं, आत्याआईनं ते मोडून काढलं, हे हिदेकोनं स्वतःच नंतर लिहिलंय. यात नुसती इज्जतीची काळजी होती असं मला काही वाटत नाही. कमावती पोरगी लग्न करून गेली तर घरात येणारं बंद, एवढं साधं गणित आहे ते, आपल्या गल्लीत पण बघितलंय.

आता सोलापूरच्या माणसाला त्या काळातला जपान म्हटलं की पहिले आठवणार डॉ. कोटणीस. भैय्या चौकातलं स्मारक रोज येताजाता दिसतं. आपला हा माणूस १९३८ ला चीनला गेला, जपानी फौजांशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करत राहिला आणि १९४२ च्या डिसेंबरमध्ये तिकडंच गेला, वय फक्त ३२. त्याच लढाईत पलीकडच्या बाजूला जपानी सैनिक हिदेकोचे फोटो खिशात घेऊन फिरत होते. मला आधी हे जरा जडच गेलं, म्हणजे कुणाच्या खिशातल्या फोटोचं कौतुक करतोय आपण. पण १९५४ चा ‘ट्वेंटी-फोर आईज’ बघितला आणि मग बरं वाटलं.

शोदोशिमा नावाच्या बेटावरची शाळा, पहिलीची बारा मुलं म्हणून चोवीस डोळे, आणि हिदेको झालीये त्यांची नवीन बाई. १९२८ ला सुरू होतं. बाई स्कर्ट घालून सायकलवर येतात म्हणून गाव नावं ठेवतं, अगदी आपल्याकडं ठेवलं असतं तसंच. मग वर्षं जातात, गरिबीनं कुणी पोरगी शाळा सोडून हॉटेलात कामाला जाते, मुलं सैन्यात जातात आणि बरीच परत येत नाहीत. दिग्दर्शक किनोशितानं एक डोकं लढवलं, मुलांचं लहानपण आणि मोठेपण दाखवायला दिसायला सारखी असलेली सख्खी भावंडं शोधून आणली, त्यामुळं सहा वर्षांचं पोर बारा वर्षांचं झालं तरी चेहरा तोच वाटतो. शेवटाकडं एक विद्यार्थी लढाईत डोळे गमावून आलेला असतो, तो वर्गाचा जुना ग्रुप फोटो हातात घेतो आणि बोट फिरवत सांगतो, हा इथं उभाय, ती इथं. आणि हिदेको फक्त बघत असते. त्या वर्षी जपानमधल्या किनेमा जुन्पो या सिनेमाच्या नियतकालिकाच्या यादीत हा पिक्चर पहिला आला आणि कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ तिसरा. जिला शाळा मिळाली नाही ती जपानची सगळ्यात लाडकी शाळामास्तरीण झाली.

पण मी हिशेबाचं बोलत होते. युद्ध संपल्यावर तोहोत मोठे संप झाले, दहा नामांकित कलाकार युनियनमधून बाहेर पडले त्यात ही होती, त्यातून शिनतोहो ही नवी कंपनी उभी राहिली. मग १९५० ला तीही सोडली आणि फ्रीलान्सर झाली. तेव्हा स्टुडिओच्या महिन्याच्या पगारावर बांधलेले असायचे सगळे, त्यात एका पंचविशीतल्या बाईनं म्हणायचं की मी कुणाची नोकर नाही, स्क्रिप्ट बघीन, पटलं तर करीन, याला जिगर लागते ओ. १९५१ ला जपानचा पहिला रंगीत कथापट केला आणि त्याच वर्षी सगळं सोडून एकटीच पॅरिसला जाऊन राहिली काही महिने. घरच्यांपासून लांब जाऊन श्वास घ्यायचा होता तिला. परत आली आणि १९५५ ला लग्न केलं ते झेंझो मात्सुयामाशी, किनोशिताचा असिस्टंट, खिशात दमडी नाही. पिक्चर पण सोडले नाहीत लग्नानंतर. पुढं तो दिग्दर्शक झाला आणि त्याच्या पहिल्याच पिक्चरमध्ये तिनं मूकबधिर बाईचं काम केलं.

माझा सगळ्यात आवडता मात्र नारुसेचा १९६० चा ‘व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स’. टोकियोतल्या गिंझा भागातल्या बारची मॅनेजर, विधवा, रोज संध्याकाळी मनात नसताना तो जिना चढते. त्यात खर्चाचा हिशेब येतो बघा, किमोनो, सेंट, टॅक्सी, भारी फ्लॅटचं भाडं, हे सगळं धंद्यासाठी करावंच लागतं आणि घरी आईला वाटतं पोरगी चैन करते. भाऊ येतो तो पैसे मागायलाच. ज्या थंडपणे हिदेको पैसे काढून देते ना, ते ॲक्टिंग क्लासमध्ये शिकवून येत नाही, तीस वर्षं दिलेत तिनं. त्या पिक्चरचे कपडेसुद्धा तिनंच ठरवलेत, टायटलमध्ये नाव आहे.

हे सगळं डोक्यात असतानाच आमच्या बिल्डिंगमधल्या एक वहिनी आल्या, त्यांच्या लेकीला एका सीरियलमध्ये छोटं काम मिळालंय, हुतात्मा स्मृती मंदिरात बालनाट्यात बघून कुणीतरी निवडली म्हणे. वहिनी म्हणाल्या, “ताई, पैसे ह्यांच्या खात्यावर घेतले तर चालतील ना, गाडीचा हप्ता आहे.” मी म्हटलं वहिनी थांबा. आपल्याकडं २०१७ पासून नियम आहे, बालकलाकाराच्या कमाईतले कमीत कमी २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्या मुलाच्या नावानं एफडी करायचे, दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, आणि कलेक्टरची परवानगी. शिवाय पोरीनं स्वतःच्या कलेवर कमावलेलं इन्कम टॅक्समध्ये आईबापाच्या उत्पन्नात मिळवत पण नाहीत, तिचं ते तिचंच धरतात. वहिनींचा चेहरा जरा पडला, चहा मात्र पूर्ण घेतला. बघू काय करतात.

हिदेकोच्या वेळी असलं काही नव्हतं. तिनं १९७९ ला पडद्यावरचं काम बंद केलं आणि मग परत वळून बघितलं नाही. त्याच्या आधीच तिनं आत्मचरित्र लिहून ठेवलं होतं, त्याला निबंधकारांच्या क्लबचा पुरस्कार मिळाला, म्हणजे १९३८ च्या त्या रोलचं झालं खरंच. आत्याआईबद्दल त्यात गोड काही नाही लिहिलेलं, आणि रडगाणंही नाही. म्हातारपणी मोठं घर पाडून छोटं बांधून घेतलं, सामान देऊन टाकलं, नवऱ्याला स्वयंपाक करून घालायची, लिहायची. २०१० च्या डिसेंबरमध्ये गेली, ८६ व्या वर्षी.

बघायचं असेल तर ‘ट्वेंटी-फोर आईज’ पासून सुरू करा, घरच्यांबरोबर बघता येतो, रुमाल घेऊन बसा. मग जिन्याचा. ‘फ्लोटिंग क्लाउड्स’ सगळे डोक्यावर घेतात आणि काम जबरदस्तच आहे तिचं, पण त्यातल्या त्या हिरोला कानाखाली द्यावीशी वाटते पूर्ण दोन तास, तेव्हा रविवारी दुपारी जेवून पडल्यापडल्या लावू नका.