ईस्ट की वेस्ट?

मुंबईत कुणी पत्ता सांगायला लागलं की समोरचा त्याला मध्येच तोडून विचारतो, "ईस्ट की वेस्ट?" सूर्य कुठून उगवतो याच्याशी या प्रश्नाचा संबंध नाही. रुळांच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच त्याला हवं असतं. चुकीच्या पुलावरून उतरलात तर पुन्हा जिना, पुन्हा गर्दी, पुन्हा जिना. म्हणून इथला माणूस दिशा ओळखतो तीही गाडीच्या हिशेबाने: विरार बाजूचा डबा, चर्चगेट बाजूचा पूल, पुढचा फर्स्ट क्लास.

ही पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या मेट्रो तीनमध्ये, म्हणजे मुंबईच्या भुयारी मेट्रोत, काही कामाची नाही. आरे ते कफ परेड 33.5 किलोमीटर, 27 स्थानकं आणि त्यातली 26 जमिनीखाली. आरेचं तेवढं उघड्यावर. मग गाडी जी खाली शिरते ती थेट कफ परेडपर्यंत तळघरातूनच जाते, आणि खिडकीत आपलाच दमलेला चेहरा दिसत राहतो. उतरून सरकत्या जिन्याने वर आलं की पाट्या: ए वन, ए टू, बी वन, बी टू. त्या पाट्यांखाली रोज माणसांचा एक घोळका थबकलेला असतो. एका काकांनी तिथल्या सुरक्षारक्षकाला विचारलं, "वेस्टला कुठून जायचं?" तो बिचारा म्हणाला, "काका, तुम्हाला जायचंय कुठे ते सांगा ना." काका विचारात पडले. मुंबईत हा प्रश्न असा सरळ त्यांना कुणी विचारलाच नव्हता बहुतेक.

खरी गोष्ट अशी की रेल्वेने या शहराचे दोन तुकडे केले आणि त्या तुकड्यांनाच आपण दिशा म्हणत आलो. खालून जाणारी गाडी काहीच कापत नाही. डोक्यावर रस्ता तसाच, फेरीवाले तसेच, सिग्नलही तसाच तुंबलेला.

शिवाय रेल्वेने दक्षिण मुंबईत कडेकडेनेच जायचं ठरवलं होतं. पश्चिम रेल्वे मरीन लाइन्स, चर्नी रोड करत समुद्राच्या अंगाने गेली. मध्य रेल्वे मशीद बंदर, सँडहर्स्ट रोड करत बंदराच्या बाजूने. मध्ये काळबादेवी आणि गिरगाव, म्हणजे ज्या भागात माणसाला माणूस चिकटून राहत होता तोच भाग, दोन्हींकडून सुटला. वरळीचं तेच. विमानतळाचं तर विचारूच नका. लोकलमधून उतरून बॅगा घेऊन रिक्षावाल्याची मनधरणी करणं हा आपला परंपरागत विमानप्रवास. मेट्रो तीन नेमकी या सुटलेल्या जागांमधून गेली आहे. माझ्या मते तिचं खरं मोल वातानुकूलनात नाही, यात आहे.

अर्थात तिथून जाणं सोपं नव्हतं. सतरा भुयारी यंत्रं उतरवली होती आणि त्यांना नावं दिली होती महाराष्ट्रातल्या नद्यांची: गोदावरी, कृष्णा, तापी, वैनगंगा, सूर्या. वैतरणा आणि तानसाही होत्या, ज्यांचं पाणी आपण रोज पितो. या नद्या मुंबईच्या काळ्या दगडातून सरकत होत्या, तेव्हा वर बिचाऱ्या खऱ्या मिठी नदीला कुणी नदी म्हणायला तयार नव्हतं. काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोडला रस्ता इतका अरुंद की वरून मोठा खड्डा खणून स्टेशन बांधायची सोयच नाही. काही इमारती पाडून तिथून खाली उतरायचं आणि मग आडवं कोरत जायचं, असा उद्योग करावा लागला. ज्यांची घरं गेली त्यांना तिथेच नव्या इमारतींत जागा द्यायचं ठरलं. अग्यारीच्या अग्नीखालून बोगदा जाऊ नये म्हणून पारशी मंडळी 2018 साली उच्च न्यायालयात गेली. आरेच्या कारशेडसाठी, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या नि दुरुस्त करायच्या जागेसाठी, 2019 च्या ऑक्टोबरमध्ये रात्रीत झाडं पडली, ते मला आजही पटलेलं नाही, आणि तरी मी त्या गाडीत बसतो.

लाइन आली तीही हप्त्यांनी. ऑक्टोबर 2024 मध्ये बीकेसीपर्यंत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत, मे 2025 मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये पार कफ परेडला. मधल्या मे महिन्यातच, 26 तारखेच्या पावसात, ते नवंकोरं अत्रे चौक स्टेशन पाण्याने भरलं. मुंबईत आलात तर मुंबईचा पाऊस भेटणारच.

एक गंमत मात्र राहून राहून वाटते. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे जी पहिली गाडी धावली, ते अंतर 34 किलोमीटर होतं. ती रेल्वे यावी म्हणून खटपट केलेल्यांत नाना शंकरशेट पुढे होते. आता जवळजवळ तेवढ्याच लांबीची लाइन नानांच्या नावाच्या रस्त्याखालून जाते. पण त्यांचं नाव दिलेलं स्टेशन मात्र मुंबई सेंट्रलला आहे. त्यांच्या रस्त्याखालची स्टेशनं म्हणजे काळबादेवी आणि गिरगाव. सरकारी हिशेब.

माझी मावशी गिरगावातली. लग्नानंतरही तिथेच राहिली, मग चाळीतली बिऱ्हाडं एकेक करून पांगली तशी तीही मरोळला गेली. "मावशी, गिरगावात मेट्रो आली," असं मी तिला हौसेने सांगितलं, तर म्हणाली, "आली ना, आम्ही निघून गेल्यावर."

पण मरोळ नाक्याला बसलं की पाऊण तासाच्या आत गिरगाव, तेही कुठे न बदलता, हे कळल्यापासून ती सारखी जाते. तक्रारी आहेतच. खाली तिच्या मोबाइलला धड रेंज मिळत नाही, त्यामुळे बहिणीशी चाललेलं बोलणं अर्धवट राहतं. खिडकीतून काही दिसत नाही. आणि "इतकं खोल उतरायचं नि चढायचं, तेवढ्यात मी चर्नी रोडहून चालत पोचले असते." यातलं शेवटचं खरं नाही, पण तिला ते कोण सांगणार?

आता तिने चाळीच्या जुन्या मंडळींपुढे फर्मान काढलंय: पाडव्याच्या शोभायात्रेला सगळ्यांनी मेट्रोनेच यायचं. दहिसरवाल्यांनी निमूट मान्य केलं. डोंबिवलीकरांनी सीएसएमटीपर्यंत येऊन दोन स्टेशनं मागे जायचं, की दादरला उतरून तिथलं मेट्रो स्टेशन गाठायला शिवसेना भवनाच्या दिशेने पायपीट करायची, यावर व्हॉट्सॲप गटात अजून वाद चालू आहे.