आमची वाटचाल : मुद्द्याची गोष्ट

लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हा मुद्दे, म्हणजे नाचणीच्या शिजवलेल्या पिठाचा गोळा, पहिल्यांदा पानात पडलं. सासरी बोली मराठी, पण तीन पिढ्या इथल्या, त्यामुळं जेवण कानडी. आमच्या सांगलीकडं नाचणी म्हणजे आंबील, फार तर भाकरी. इथं उकळत्या पाण्यात पीठ ओतायचं, लाकडी दांड्यानं घोटायचं, ओल्या हातानं गोळा वळायचा. मी चावायला लागले तर सासूबाई हसल्या, "अगं, सारात बुडव आणि गिळ!"

त्याच मुद्द्यावर आमचा धंदा उभा राहिला. घरामागं एक चक्की, नाचणी तुमकूरकडची. पहिली दोन वर्षं पीठ उजळ दिसावं म्हणून आम्ही बारीक चाळणीनं कोंडा काढत होतो. दुकानदार खूश. एक आज्जी मात्र पिशवी परत घेऊन आल्या आणि कानडीत झापलं, "ह्यातली नाचणी कुठं गेली?"

मग वाचायला बसलो. नाचणीची साल दाण्याला इतकी घट्ट चिकटलेली असते, की तांदळासारखं पॉलिश होत नाही, म्हणून लोक अख्खा दाणाच खात आले. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम, पॉलिशच्या तांदळात जेमतेम 10 च्या आसपास. त्यातलं बरंचसं सालीत, तंतूही तिथंच. आणि आम्ही नेमकं तेच शेजारच्या गाईला घालत होतो! (गाय धष्टपुष्ट झाली, हे खरं.)

चाळणी बंद केली. पीठ काळपट झालं, दोन दुकानं सुटली. पाकिटावरचं 'मधुमेहावर उत्तम' हेही खोडलं. पिठात दोन तृतीयांश कर्बोदकंच, गोळा केवढा खाता त्यावर सगळं. प्रथिनं 7 टक्क्यांच्या आसपास, त्यात लायसिन हा प्रथिनांमधला गरजेचा घटक कमी. ती उणीव अवरेकाळूचं, म्हणजे पावट्याचं सार भरून काढतं. नुसतं मुद्दे कुणी खात नाही, ते उगाच नाही.

पुढं मोडाचं पीठ काढलं. मोड आले की खनिजं अडवून धरणारं फायटिक आम्ल घटतं, लोह-कॅल्शियम जास्त अंगी लागतं. पहिल्याच आठवड्यात फोन : "मुद्दे वळतच नाही, पेज झाली!" मोडातली विकरं स्टार्च तोडतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. आता त्या पाकिटावर ठळक छापतो : लापशीसाठी. याचं मुद्दे होत नाही.