२५ मार्चचा पाडवा

बोस्टनजवळ राहून इथल्या जुन्या घराण्यांच्या वंशावळी तपासून देण्याचे काम मी करते. गिऱ्हाईक बहुधा निवृत्त झालेले असते, हाती आजोबांनी जपलेला एखादा छापील कुलवृत्तान्त असतो, आणि १६३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये उतरलेल्या मूळ पुरुषापर्यंतची साखळी मूळ वसाहतकारांच्या वंशजांनाच सभासद करून घेणाऱ्या कुठल्या तरी संस्थेकडून मान्य करून हवी असते. माझा खरा वेळ मात्र एकाच गावातली एकाच नावाची माणसे वेगळी करण्यात जातो, कारण त्या काळी नावापुढे ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ लिहिलेले असले तरी ते बापलेक असतीलच असे नाही. ते काका-पुतणे असू शकतात, किंवा एकमेकांचे कोणीच नसू शकतात.

गेल्या हिवाळ्यात आलेल्या प्रकरणात साखळीचा दुसरा दुवा होता २० एप्रिल १६६५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविच गावी जन्मलेला एक मुलगा. कुलवृत्तान्ताने त्याला गावातल्या एका मातब्बर जमीनदाराचा मुलगा ठरवले होते. त्याच्या आईचा पहिला नवरा गरीब विणकर. त्याच्या मृत्यूनंतर केलेली मालमत्तेची यादी जुन्या न्यायालयीन कागदांच्या छापील संग्रहात ८ फेब्रुवारी १६६४ ची दिलेली. दुसऱ्या लग्नाची नोंद सापडत नाही, पण चौदा महिन्यांनी जन्मलेले मूल मेलेल्या विणकराचे कसे असेल, हा ग्रंथकाराचा बिनतोड वाटणारा युक्तिवाद. शिवाय जमीनदाराच्या मृत्युपत्रात ‘माझा मुलगा’ असे स्वच्छ लिहिलेले.

मला ती तारीख पाहताच शंका आली, आणि त्याचे श्रेय मी पुण्यात उन्हाळी वर्गात शिकलेल्या मोडीला देते. मराठेशाहीच्या कागदांतले, मृगाला पालटणारे सुहूर सन ज्याने एकदा जुळवले आहे, त्याला वर्ष जानेवारीतच सुरू होते असे गृहीत धरण्याची सवय राहत नाही. इंग्रजांच्या वसाहतींत १७५२ पर्यंत कायदेशीर नवे वर्ष २५ मार्चला लागत असे, म्हणजे जवळजवळ आपल्या पाडव्यालाच. त्यामुळे त्यांच्या १६६४ मधला फेब्रुवारी हा आपल्या हिशेबाने १६६५ चा फेब्रुवारी. काळजीपूर्वक काम करणारे लोक अशी तारीख १६६४/५ अशी लिहितात. छापणाऱ्याने तो तिरका दंड आणि पाचाचा आकडा दिलाच नव्हता.

मूळ कागद पाहिल्याखेरीज हे लिहून देणे शक्य नव्हते. यादी एकाच पानाची होती: एक गाय, दोन डुकरे, जुनी गादी, लोखंडी हंडा, माग आणि त्याची सामग्री. वर तारखेत महिन्याचे नाव नव्हते, नुसता ‘१२ वा महिना’ होता, कारण प्युरिटन मंडळींना देवदेवतांवरून पडलेली महिन्यांची नावे नकोशी होती आणि त्यांची गणती मार्चपासून चाले. खाली न्यायालयाचा शेरा होता: इप्सविचच्या सत्रात दाखल, २८ मार्च १६६५. कागदावर हे अंतर तेरा महिन्यांचे दिसते. प्रत्यक्षात ते सात आठवड्यांहूनही कमी आहे. मधल्या पंचवीस तारखेला वर्ष पालटले, एवढेच झाले. मुलगा बाप गेल्यावर सव्वादोन महिन्यांनी जन्मला होता.

तरीही तारखांच्या गणितावर बाप बदलणे मला पटेना. दोन दिवस इप्सविचजवळच्या सेलम शहरातल्या दस्त-नोंदणीतील सूची चाळल्यावर १६८७ चे एक खरेदीखत मिळाले. बावीस वर्षांच्या त्या मुलाने ‘माझ्या मयत वडिलांची’ म्हणून जी जमीन विकली, तिच्या चतुःसीमा विणकराच्या घरजागेशी तंतोतंत जुळत होत्या, आणि साक्षीदारांत जमीनदाराचे नाव ‘माझे सासरे’ असे होते. त्या काळच्या इंग्रजीत सासऱ्यासाठीचा शब्द सावत्र बापालाही चाले, आणि सावत्र मुलाला सरळ ‘मुलगा’ म्हणण्याची रीतही होती. डीएनए चाचणीची इथे मदत नव्हती. साखळी तीनदा लेकींकडून उतरते, त्यामुळे बापाकडून लेकाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा धागा तुटतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी गुस्ताव आँजू नावाच्या गृहस्थाने श्रीमंतांना खोट्या वंशावळी विकल्या, तेव्हा निदान पैसे तरी मिळवले. आमच्या ग्रंथकाराने प्रामाणिकपणे चूक केली, आणि प्रामाणिक चुका फार लांब टिकतात. गिऱ्हाइकाच्या आत्याचा अर्ज याच साखळीवर एका संस्थेने पूर्वीच मंजूर केला होता. मूळ कागद मागवण्याची तसदी तिथे कोणी घेतलेली दिसत नाही.

फोनवर सगळे सांगितल्यावर माझे गिऱ्हाईक असलेले गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, “त्या मागाला किंमत किती लावली होती?” मी सांगितले: दहा शिलिंग. त्यांनी माझे पूर्ण पैसे त्याच दिवशी पाठवले आणि अहवाल पुढे कोणाला देऊ नये, असे कळवले. अहवाल त्यांचा आहे, त्यामुळे ते मला मान्य करावे लागते. पण न्यायालयाचा कागद आणि खरेदीखत कोणालाही पाहता येतात, आणि गेल्या महिन्यात त्यांच्या नात्यातल्या एका बाईंनी मला तोच कुलवृत्तान्त पाठवून तेच काम विचारले आहे. त्यांना काय उत्तर द्यावे, हे अजून ठरलेले नाही.