आधी पूर्ण बरा हो, मग नोकरीचं बघू

आमच्या नणंदेचा मुलगा सध्या आमच्याच एजन्सीत काम करतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचं औषधांचं होलसेल आहे, हे पार्ट्या आणि उधारी बघतात, बिलिंग माझ्याकडे. भाच्याला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला सायकोसिस झाला. (त्याला विचारूनच लिहितेय, नाव टाकू नकोस मामी, एवढंच म्हणाला.) कोणी नसताना आवाज यायचे, समोरच्या गच्चीवरचे लोक आपल्यावर नजर ठेवतात असं वाटायचं, झोप तर पार उडाली होती. औषधं सुरू झाली, आवाज गेले, सगळ्यांना वाटलं सुटलो. पण खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली, नोकरीची, आणि तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही.

हा आजार बहुतेक वेळा १६ ते ३० या वयात सुरू होतो, म्हणजे डिग्री, कॅम्पस इंटरव्ह्यू, पहिली नोकरी सगळं नेमकं तेव्हाच असतं ना. बरोबरीची मुलं पुण्याला, बंगलोरला निघून जातात आणि ह्याच्या बायोडाट्यात भोक पडतं. मग इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न, मधे काय करत होतात?

त्याला नोएडाला एका कंपनीत नोकरी लागली होती, शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. आता ह्या गोळ्या रात्री घेऊन झोपायच्या असतात, काहींनी सकाळी डोकं इतकं जड होतं की दहापर्यंत माणूस धड बोलत नाही, भूक वाढते, वजन वाढतं. नाइट शिफ्ट असली की गोळी घ्यायची कधी आणि झोपायचं कधी? कामावर पेंग येते म्हणून त्याने कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. नोकरी टिकावी म्हणूनच केल्या हो! महिन्याभरात आवाज परत, नोकरी गेली, मुलगा घरी. पहिल्या झटक्यानंतर डॉक्टर साधारण वर्ष-दोन वर्षं तरी औषध चालू ठेवायला सांगतात ते काय उगीच नाही.

घरी आल्यावर नातेवाईक सुरू. कोणी म्हणे आळशी झालाय, कोणी म्हणे लग्न करून टाका. उत्साह न वाटणं, तासन्तास बसून राहणं, चेहऱ्यावर काही न दिसणं हाही आजाराचाच भाग आहे, आणि आवाज गेले तरी तो मागे रेंगाळतो, शिवाय लक्ष टिकत नाही, ऐकलेलं डोक्यात राहत नाही. आणि आमचं गाव ग्वाल्हेर! मेंटल हॉस्पिटल इथेच, त्यामुळे जरा कोणी विचित्र वागलं की 'भरती करवा दो', हे इथे चहाच्या टपरीवर रोज ऐकू येतं. अशात कोण कोणाला खरं सांगणार.

सगळ्यांचा एकच सल्ला, आधी पूर्ण बरा हो मग नोकरी. मला हे उलटं वाटतं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये १९९० च्या सुमारास एक पद्धत निघाली, आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) म्हणतात, तिच्यात नोकरी शोधून देणारा माणूस डॉक्टरांच्याच टीममध्ये असतो, पेशंटला काम करायचंय ना, मग वर्षभर ट्रेनिंगमध्ये न बसवता लगेच खरी, पगाराची नोकरी शोधायची, आणि लागल्यावरही पाठीशी राहायचं. बऱ्याच देशांत तपासून झालंय, जुन्या पद्धतीपेक्षा जास्त जणांना नोकऱ्या लागतात.

आमच्याकडे असा माणूस कुठला, म्हणून मीच झाले. अकरा वाजता ये म्हटलं. एक्स्पायरीचा माल त्याच्याकडे दिला, बॅच नंबर बघायचा, तारीख बघायची, कंपनीप्रमाणे वेगळा करून यादी करायची. शांत काम, फोन नाही, पार्टीची आरडाओरड नाही. तोंडी चार कामं एकदम सांगितली की गडबडतो, कागदावर लिहून दिली की एकही सुटत नाही. ह्यांना आधी हे सगळं लाड वाटायचे, आता रिटर्नचे क्लेम वेळेवर जातात म्हटल्यावर गप्प आहेत. पगार बाकी मुलांइतकाच देतो, घरचा आहे म्हणून खाऊचे पैसे नाही.

कायद्याचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार धरलाय, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण, त्यात मानसिक आजार, ऑटिझम वगैरे सगळ्यांना मिळून १ टक्का. पण सर्टिफिकेट किमान ४० टक्क्यांचं लागतं, आणि तेविशीतला मुलगा, जो कदाचित वर्षभरात छान सावरेल, त्याने हा शिक्का घ्यायचा का? नणंद म्हणते घे, तो म्हणतो नको. मी त्याच्या बाजूने आहे, निदान सध्या तरी.

आता मालनपूरच्या एका कारखान्यात स्टोअरची जागा आहे, त्याने अर्ज केलाय. मधे काय करत होतात ह्याचं उत्तर आम्ही बसून ठरवलं, तब्येतीमुळे ब्रेक घेतला होता, आता काम करतोय, हे मालकाचं पत्र. पत्रात आजाराचं नाव नाही, स्टॉक आणि रिटर्न एकट्याने सांभाळतो एवढं लिहिलंय, जे शंभर टक्के खरं आहे. जनरल शिफ्ट मिळाली तरच हो म्हणायचं, हे मात्र त्याने स्वतःच ठरवलंय. आणि कोणाच्या घरी असं काही चालू असेल तर १४४१६ हा टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो.