देव पाण्यात

देवावर भरवसा असलेला माणूस संकटात शांत असतो म्हणे. असेलही. मी लहानपणी जवळून पाहिलेला भरवसा मात्र चांगला कडाकडा भांडणारा होता.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या शब्दावर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमचे आजोबा त्यातलेच, साचेखात्यातले, म्हणजे कापड विणायच्या खात्यातले. वाण्याने उधारी बंद केली त्या दिवशी आजीने देव पाण्यात ठेवले.

पितळी पातेल्यात तळाशी देवांचे टाक, त्यावर पळी घेतलेली अन्नपूर्णा, सगळ्यात वर रांगता बाळकृष्ण. त्याच्या हातातला लोण्याचा गोळा तेवढा पाण्याबाहेर राहायचा. आजी रोज सकाळी पाणी बदलताना तांब्याभर जास्त ओतून तोही बुडवायची. "आमच्या नाकातोंडात पाणी गेलंय ना, मग तूही बस असाच." आणि एवढं सुनावून झाल्यावर वरून तुळशीचं पान सोडायची. शिक्षा झाली म्हणून पूजा चुकवायची नाही.

पाऊस ओढ देतो तेव्हा गावोगावी महादेवाचा गाभारा पाण्याने भरतात, तोही याच हक्काने. प्यायला घोटभर नाही आणि देवाला बुडवायला डोक्यावरून घागरी! हिशेबी माणसाला हे कळायचं नाही. जनाबाईने तर 'अरे विठ्या विठ्या' म्हणत थेट विठोबाचा उद्धार केला. पलीकडे कुणी ऐकतच नसेल, तर इतका घसा कोण फोडेल?

आमच्याकडे पंचाईत वेगळीच झाली. संकट टळलं की देव बाहेर काढायचे, ही रीत. पण संप काही मिटेना. शेजारची बिऱ्हाडं एकेक करून गावाला गेली, आजोबा दादरला भाजीच्या पाट्या उचलू लागले. तो संप रीतसर मागे घेतला असं कुणी कधी जाहीरच केलं नाही. म्हणजे रीत पाळायची तर आमचे देव अजून पातेल्यातच हवेत!

सुटका केली नवरात्राने. घटाला देव बसवायचे, ते पातेल्यातून कसे बसवणार? आजीने अमावास्येला सगळे बाहेर काढले, चिंच लावून लखलखीत घासले आणि दुसऱ्या दिवशी विड्याच्या पानांवर बसवले. "तेवढ्यापुरतंच हं," असा दमही भरला. दसरा झाला, दिवाळी झाली, पातेलं मात्र पुन्हा निघालं नाही. तोवर ती ब्लाउजना काज-बटणं करून द्यायला लागली होती.

आजोबांनी एकदा डिवचलंच, "काय गं, एवढं बुडवून ठेवलंस, काही उपयोग झाला का?"

"त्याचं मी बघते. तुम्ही आधी सुईत दोरा ओवून द्या, मला दिसत नाहीये."